बाबांचा ॲम्प्लिफायर आणि आपलं 'अपग्रेड'

मागच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मी मिरजेहून हॉस्टेलला परतलो तेव्हा माझ्या एका हातात फराळाचा डबा होता आणि दुसऱ्या हातात एक जडशीळ लाकडी खोका. डबा दहा मिनिटांत संपला. खोक्याभोवती मात्र अर्धी विंग जमली. "स्पीकर आहे का रे? ब्लूटूथ आहे का?" ब्लूटूथ नव्हतं. खोक्यात होता माझ्या बाबांचा ॲम्प्लिफायर. वय वर्षं चाळीसच्या वर, अंगावरचं रेक्झिन फाटलेलं, आणि चालू केला की भुंग्यासारखा गुणगुणणारा.

सल्ले फुकट असतात आणि हॉस्टेलमध्ये तर ते चहाबरोबर येतात. एक म्हणाला, भंगारात दे. दुसरा म्हणाला, ट्रान्सफॉर्मर काढून घे, मिनी प्रोजेक्टला होईल. तिसऱ्याने लगेच मोबाईलवर दाखवलं, "हे बघ, क्लास-डीचं बोर्ड. तळहाताएवढं. याच्या दुप्पट वॅट, आणि येतं जेवणाच्या पार्टीएवढ्या पैशात. अपग्रेड कर ना!"

हा लेख त्या 'अपग्रेड' शब्दाबद्दल आहे. पण त्याआधी त्या खोक्याची थोडी ओळख करून द्यायला हवी.

बाबा पोस्टात नोकरीला होते आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. ही गिटार मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवतात. डाव्या हाताची बोटं तारा दाबत नाहीत, तर पोलादाची एक गुळगुळीत कांडी तारांवरून सरकवतात. म्हणूनच तिचं दुसरं नाव स्टील गिटार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हवाई बेटांवर हे वादन रुजलं आणि त्याचं श्रेय बहुतेक वेळा जोसेफ केकुकूला दिलं जातं. आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल, पण व्यापारी यश मिळवणारी जगातली पहिली इलेक्ट्रिक गिटार हीच, मांडीवरची. रिकेनबॅकरची ती 'फ्राइंग पॅन' १९३२ साली बाजारात आली. रॉकवाल्यांची इलेक्ट्रिक गिटार ही नंतरची धाकटी बहीण.

आपल्याकडे हे वाद्य इतकं का रुजलं? कारण मींड. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं हा आपल्या गाण्याचा स्वभाव, आणि पडदे असलेल्या गिटारला तेच अवघड जातं. कांडीला पडद्यांची अडचण नाही. त्यामुळे व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेल्या फिल्मी गाण्यांच्या रेकॉर्ड्स घराघरांत गेल्या, ब्रिजभूषण काब्रांनी याच कुळातल्या गिटारवर रागदारी आणली, आणि विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं तेही अशाच आडव्या गिटारसाठी. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचं गाव. तिथे एक पोस्टातला माणूस हवाईयन गिटार वाजवतो याचं कुणाला नवल वाटत नसे.

आता मुद्द्याचं. स्टील गिटारला ॲम्प्लिफायर कसा लागतो?

रॉक गिटारवाल्यांना ॲम्प्लिफायर थोडा 'फाटलेला' आवडतो. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर ताणला की आवाजाला जी धार येते त्यावर त्यांचं अख्खं आयुष्य चाललंय. स्टील गिटारचं उलट. इथे सूर कांडीच्या मिलिमीटरभर हालचालीवर ठरतो. आवाज फाटला की सूर बरोबर लागला की नाही हे वाजवणाऱ्यालाच कळेनासं होतं. तार छेडल्यावर आवाज मरत जातो तसतसा वादक व्हॉल्यूम वाढवत नेतो आणि सूर लांबवतो. अमेरिकेतले पेडल स्टीलवाले हे पायाने करतात, बाबा करंगळीने गिटारवरचं बटण फिरवून करायचे. म्हणजे ॲम्प्लिफायरकडे स्वच्छ ताकद शिल्लक हवी. म्हणूनच १९७०च्या दशकात ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर आले तेव्हा इतर गिटारवाल्यांनी नाकं मुरडली, पण पेडल स्टीलवाल्यांनी ते आपलेसे केले. पीवी कंपनीचा 'सेशन ४००', पंधरा इंची स्पीकरचा, हा त्यातला गाजलेला. पुढे 'नॅशव्हिल ४००' आला. जुना ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर म्हणजे टाकाऊ, हा समज निदान या वाद्याच्या बाबतीत तरी चुकीचा आहे.

बाबांचा ॲम्प्लिफायर कुठल्या कंपनीचा नाही. तो मिरजेतल्या एका रेडिओ मेकॅनिककाकांनी १९८४ साली हाताने बांधला. दोन २एन३०५५, पन्नास व्होल्टचा एकच सप्लाय, आउटपुटला मोठा कपॅसिटर आणि बारा इंची स्पीकर. हिशेब केला तर जेमतेम पंचवीस वॅट. आपण सेकंड इयरला ज्याची आकृती काढून चार मार्क मिळवतो तो क्वासी-कॉम्प्लिमेंटरी आउटपुट स्टेज मी पहिल्यांदा 'जिवंत' पाहिला तो या खोक्यात. दोन्ही बाजूंना एनपीएनच का, हा प्रश्न ओरलला विचारला होता. उत्तर पुस्तकात होतं, पण कारण खोक्यात दिसलं. तेव्हा ताकदवान आणि स्वस्त पीएनपी मिळणंच कठीण होतं, म्हणून जे बाजारात होतं त्यात काकांनी भागवलं.

पहिली मदत केली लॅबच्या मामांनी. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेत त्यांची. खोका बघून एवढंच म्हणाले, "प्लगला हात लावू नकोस. आधी सिरीज बोर्ड." त्यांच्या कपाटात शंभर वॅटचा जुना, तारेचा बल्ब जपून ठेवलेला आहे. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. हा बल्ब सप्लायच्या सिरीजमध्ये लावायचा. चालू केल्यावर तो क्षणभर लखकन पेटून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि करंट बल्ब अडवतो म्हणून काही जळत नाही. चार वर्षांत मला कुणी हे शिकवलं नव्हतं. आमचा बल्ब मंद झाला. खोका जिवंत होता.

मग गुणगुण. सीआरओवर बघितलं तर शंभर हर्ट्झ. पन्नास असती तर बाहेरून येणारी किंवा अर्थिंगची भानगड समजलो असतो. शंभर म्हणजे फुल वेव्ह रेक्टिफायरनंतरचा रिपल, म्हणजे फिल्टर कपॅसिटर वाळलेला. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हा या सगळ्यातला नाशवंत माल. आतला द्रव हळूहळू सुकतो, वापरा नाहीतर ठेवून द्या.

दुसरा वाळलेला कपॅसिटर जास्त मजेदार निघाला. बाबा दोन-तीन वर्षं म्हणत होते, "खालची तार बोलत नाही." आम्ही घरच्यांनी ते कानाचं वय समजून सोडून दिलं होतं. आउटपुटचा कपॅसिटर मोजला. वर छापलेलं होतं १००० मायक्रोफॅरड, भरले १९०. आठ ओहमच्या स्पीकरबरोबर कट-ऑफ काढा, एक भागिले दोन पाय आर सी. उत्तर येतं साधारण १०५ हर्ट्झ. बाबांची सगळ्यात खालची तार लागते ई ला, म्हणजे ८२ हर्ट्झ. तार बोलतच नव्हती! कान बरोबर होते, कपॅसिटर गेला होता. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. घरात एक इंजिनिअर होत असताना माणूस तीन वर्षं एकच तक्रार करत होता आणि कुणी मीटर लावून पाहिला नव्हता.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर. प्लग दोन पिनचा होता. चासीला टेस्टर लावला की अंधुक पेटायचा. बाबांना फोनवर विचारलं तर म्हणाले, "अरे हो, कांडीला थोड्या झिणझिण्या येतात. सवय झाली." सवय! स्टील गिटार वाजवणाऱ्याच्या हातात पोलाद, बोटांत धातूची नखं, दोन्ही हात तारांवर, आणि तारा वायरमधून सरळ चासीला जोडलेल्या. त्यात समोरच्या माईकला ओठ लागला तर करंटला छातीतून जायला रस्ता तयार. आम्ही तीन पिनची वायर टाकली, चासी अर्थला पक्की जोडली, फ्यूज लाईनमध्ये घेतला.

आणि इथेच कथेला वळण मिळालं. मामा म्हणाले, "अर्थ जोडलास, पण तुझ्या रूमच्या सॉकेटला अर्थ आहे का?" मी हसलो. त्यांनी खोलीत येऊन टेस्ट लॅम्प फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थमध्ये लावला, मिट्ट काळोख. आमच्या विंगच्या पाच खोल्यांत तिसरी पिन नुसती शोभेची होती. (हे तपासणं इलेक्ट्रिशियनचं किंवा मामांसारख्या जाणकाराचं काम आहे. लेख वाचून कुणी स्वतः वायर खुपसू नये.) रेक्टर सरांना सांगितल्यावर त्यांनी आठवड्यात दुरुस्ती करून घेतली, हे इथे नमूद करतो. पण विचार करा, आपण सगळे तिथेच लॅपटॉप, इस्त्री आणि चोरून शेगडीही लावत होतो. ते कळलं ते एका म्हाताऱ्या ॲम्प्लिफायरमुळे.

इथपर्यंत मी हिरो आहे. आता माझा गाढवपणा.

सगळं नीट चालायला लागल्यावर हात शिवशिवायला लागले. म्हटलं, ट्रान्झिस्टर पण नवे टाकू. तपकीर गल्लीतून त्याच नंबरचे नवे कोरे २एन३०५५ आणले आणि बदलले. आवाज छान आला. दहा मिनिटांनी हीटसिंकला हात लावला तर चटका. गिटार जोडलेलीही नव्हती! सीआरओवर रेघेच्या जागी धुक्याचा जाड पट्टा. ॲम्प्लिफायर कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीला स्वतःशीच ओरडत होता. कारण नंतर समजलं. त्याच नंबरचे जुन्या बनावटीचे ट्रान्झिस्टर संथ असत, नव्या बनावटीचे कितीतरी चपळ असतात. काकांनी सर्किट बांधलं ते संथ ट्रान्झिस्टर गृहीत धरून. मी म्हाताऱ्या बैलगाडीला शर्यतीचा घोडा जुंपला आणि गाडी थरथरायला लागली. जुने दोन्ही ट्रान्झिस्टर तपासले. ठणठणीत होते. नवीन पेस्ट लावून परत बसवले. धुकं गेलं. जे बिघडलंच नव्हतं ते मी 'सुधारलं' होतं.

दुसरी सुधारणा मात्र खरोखर सुधारणा होती, असं मला वाटत होतं. काकांनी इनपुट माईकच्या हिशेबाने केला होता, सुमारे ४७ के. गिटारच्या पिकअपला एवढा लोड जड जातो. पिकअपची इंडक्टन्स चार हेन्री धरली तर दोन किलोहर्ट्झच्या आतच वरचे सूर गळायला लागतात. उपाय सोपा, एक जेफेट, सोर्स फॉलोअर, गेटला एक मेगओहम. जेफेट कोणता? आपला बीएफडब्ल्यू १०! ईडीसी लॅबमध्ये ज्याचे ग्राफ आपण एकमेकांचे बघून काढले तोच. जर्नलच्या बाहेर त्याचा काही उपयोग असतो हे पाहून मला गहिवरून आलं. आवाज एकदम उजळला, जणू पडदा बाजूला झाला.

संक्रांतीला खोका घेऊन घरी गेलो. बाबांनी गिटार जोडली, खालची तार छेडली, आणि माझ्याकडे पाहिलं. "बोलली," एवढंच म्हणाले. पुन्हा दोन-तीनदा तीच तार छेडली. मग एक संथ गाणं सुरू केलं आणि अर्ध्यात थांबले.

"हे खरखरतंय काय?"

मी ऐकलं. कांडी तारेवरून सरकतानाचा घासटल्यासारखा बारीक आवाज. आधीही तो होताच, पण ४७ के च्या त्या 'चुकीच्या' इनपुटमध्ये विरघळून जायचा. मी पडदा बाजूला केला होता, आणि पडद्यामागे हेही होतं.

"बाबा, हा खरा आवाज आहे. आधीचा दबलेला होता."

"असेल. पण चाळीस वर्षं हात त्या आवाजावर बसलाय रे. तू मला विचारलं नाहीस."

खरंच नव्हतं विचारलं. सिम्युलेशन केलं होतं, ग्राफ काढला होता, बोर्डावर सुंदर सोल्डरिंग केलं होतं. ज्याच्यासाठी केलं त्याला एक फोन करून "आवाज कसा हवाय?" असं विचारलं नव्हतं. शेवटी एक साधा स्विच बसवला. एका बाजूला एक मेगओहम, दुसऱ्या बाजूला समांतर ४७ के चा रेझिस्टर, म्हणजे जवळजवळ काकांचाच इनपुट. बाबा आता चालीची गाणी नव्या बाजूला वाजवतात आणि संथ गाणी जुन्या बाजूला. स्विच बारीकसा, पण सबंध प्रोजेक्टमधला माझ्या मते सगळ्यात चांगला पार्ट तो.

आता माझं मत. कुठल्याही जुन्या यंत्रात आपण जे करतो त्याचे तीन प्रकार आहेत आणि आपण ते तिन्ही एकाच 'अपग्रेड' नावाखाली खपवतो. पहिला प्रकार, सुरक्षितता आणि निगा: तीन पिनचा प्लग, फ्यूज, वाळलेले कपॅसिटर. इथे आवडीनिवडीचा प्रश्नच नाही, हे करायलाच हवं. 'जुनं ते सोनं' म्हणून दोन पिनचा प्लग जपणाऱ्याला मी रसिक म्हणणार नाही. दुसरा प्रकार, यंत्र वापरणाऱ्याला जुळवून घेणं: इनपुट, टोन, स्पीकर. हे जरूर करावं, पण विचारून, आणि शक्य तर परत फिरता येईल असं. तिसरा प्रकार, आकड्यांचा हव्यास. वॅट दुप्पट केले तर मिळतात फक्त तीन डेसिबल. तेवढेच तीन डेसिबल जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर लावूनही मिळतात, ॲम्प्लिफायरला हात न लावता. आपली बहुतेक हौस या तिसऱ्या प्रकारात खर्च होते.

क्लास-डी बोर्डवाल्या मित्राची बाजूही सांगतो, नाहीतर तो मला मेसमध्ये जेवू देणार नाही. ते बोर्ड मी आणलं आणि बाबांच्या स्पीकरला लावून पाहिलं. आवाज वाईट नव्हता, स्वच्छ होता आणि वजन नगण्य. ज्याच्याकडे काहीच नाही आणि उद्या कार्यक्रम आहे त्याने खुशाल तेच घ्यावं. पण ते बंद पडलं तर काय? नखाएवढ्या चिपमध्ये सगळं. तिथे दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा नवीन बोर्ड. बाबांच्या खोक्यातला प्रत्येक भाग मला दिसतो, मोजता येतो, बदलता येतो. माझा सगळा खर्च सहाशे रुपयांच्या आसपास झाला, त्यातले दोन ट्रान्झिस्टर तर माझ्या मूर्खपणाचे. आणि शिकलो किती? पॉवर सप्लाय, कपलिंग, लोडिंग, ऑसिलेशन, अर्थिंग. पाच विषयांची रिव्हिजन एका खोक्यात झाली.

म्हणून या पानावरून दोन मागण्या करतो. पहिली, हॉस्टेलच्या सगळ्या विंग्जमधल्या सॉकेटचं अर्थिंग दर वर्षी प्रवेशाच्या आधी तपासावं आणि तपासल्याची तारीख बोर्डावर लिहावी. दुसरी, डेड स्टॉकमध्ये गेलेली उपकरणं लिलावाआधी एक महिना लॅबच्या कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवावीत. शनिवारी दुपारी मामांच्या देखरेखीखाली ज्याला हवं त्याने उघडावीत. दहातली दोन जरी चालू झाली तरी फायदा, आणि आठ उघडून पाहिल्याचा फायदा वेगळाच. मामा आणखी दोनच वर्षं आहेत. त्यांच्या कपाटातला तो शंभर वॅटचा बल्ब आणि तो कसा वाचायचा हे ज्ञान, दोन्ही त्यांच्याबरोबर घरी जाऊ नये एवढीच इच्छा.

जाता जाता एक. खोक्याचं मागचं झाकण काढलं तर आतल्या बाजूला काकांनी पेन्सिलने सगळं लिहून ठेवलंय: १९८४, कुठल्या बिंदूला किती व्होल्ट, कपॅसिटरच्या किमती, अगदी कोणती वायर कुठे जाते हेही. काका आता नाहीत. पण त्या पेन्सिलीच्या अक्षरांमुळे मला निम्मं काम सोपं गेलं. मी त्याच्या खाली माझी तारीख घातली, बदललेल्या भागांची यादी लिहिली, आणि 'आउटपुटचे ट्रान्झिस्टर चांगले असतील तर बदलू नये' हे जरा ठळक लिहिलं. झाकण लावायच्या आधी बाबांनी ते वाचलं. म्हणाले, "खाली थोडी जागा ठेवलीस ना?"

ठेवली आहे.

— अंतिम वर्ष, ई अँड टीसी